साहेबांच्या विनोदाला हसण्याची रीत

ज्यांना पंचायत समितीच्या सभागृहात बसण्याचा योग वारंवार येतो, त्या नव्या कर्मचारी बंधुभगिनींनी साहेबांच्या विनोदाला कसे हसावे, हे वेळीच शिकून घ्यावे. प्रशिक्षणात ते शिकवत नाहीत, पण गोपनीय अहवालात गुण त्याचेच मिळतात, असा माझा २६ वर्षांच्या मास्तरकीतला अनुभव आहे.

हसायला उशीर करू नये. विनोद कळेपर्यंत थांबणारा माणूस संशयास्पद ठरतो.

कोणी 'पूर्ण नाव सांगा' म्हटले, तर निमूटपणे आडनाव सांगून टाकावे. त्यावरून आपली जात, आपली हुशारी आणि आपली नेमणूक कोणत्या यादीतून झाली, हे सारे समोरचा मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो आणि उघडपणे 'तुमचं बरं आहे बुवा' एवढेच म्हणतो. अशा वेळी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आठवू नये, कारण तो आठवणारे लोक वातावरण बिघडवतात.

बायकांवरचे विनोद जेवणानंतर होतात, तेव्हा डबा धुवायला उठावे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या अंतर्गत तक्रार समितीची नावे कपाटामागच्या फलकावर सुखरूप आहेत.

वऱ्हाडी माणसाने तर सभेत तोंड उघडण्यापूर्वी आपली क्रियापदे तपासून घ्यावीत. गेल्या मंगळवारी आमच्या आढावा सभेत एका द्विशिक्षकी शाळेच्या तरुण शिक्षिकेने ही काळजी घेतली नाही. ती उभी राहून म्हणाली, "सर, महिन्यापासून पोषण आहाराचा तांदूळ येऊन नाही राहिला." साहेब पलीकडून, घाटावरून बदलून आलेले. त्यांनी विचारले, "येऊन नाही राहिला, मग जाऊन राहिला का?" सभागृह दणाणले. त्या हशावर साहेबांनी पुरवणी जोडली, "विदर्भाचं सगळं असंच, काम चालूच राहतं, होत काही नाही." पुन्हा हशा. त्या बाईंनी नव्याने सुरुवात केली, ती पुस्तकी मराठीत. 'प्राप्त झालेला नाही' म्हणताना त्या 'प्राप्त'वर अडखळल्या, पटसंख्या ४१ ऐवजी १४ वाचली आणि "असू द्या, सर" म्हणून खाली बसल्या. साहेबांनी पुढचा विषय घेतला.

मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र म्हाइंभटांनी तेराव्या शतकात याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी मोबाइलवर एकमेकांचे अभिनंदन केले होते. त्याच मराठीत एक बाई मुलांच्या जेवणाबद्दल बोलत होती आणि तिचे म्हणणे सभागृहातल्या प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात कळले होते.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. ४१ मुलांचे चार किलो शंभर ग्रॅम होतात. हे गणित तिथे बसलेल्या एकूण एक मास्तराला येते.

साहेबांचे सोडा, ते वर्ष-दीड वर्षात बदलून जातील. तुम्हाला काय झाले होते? घरी आईशी हीच बोली बोलता, शेतात सालदाराशी हीच बोलता आणि तिथे खुर्च्यांवर मागे रेलून दात काढत होता. माझ्या शेजारचे केंद्रप्रमुख 'काहून' म्हटल्याशिवाय प्रश्न विचारत नाहीत. ते रुमालाने डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसलो, आणि तेही आवाज काढून. "साहेब, पण तांदळाचं काय?" एवढे विचारायला कोणता शासन निर्णय लागत होता? आपल्यापैकी एकाच्याही तोंडून ते निघाले नाही.

परवा इतिवृत्त आले. त्यात तांदूळ नाही. 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' असे मात्र आहे. पुढच्या सभेत ते वाचून कायम करायचे आहे. तेव्हा तरी उठा आणि आधी त्यात तांदूळ लिहायला लावा.