ड्रगरमन म्हणजे ड्रग विकणारा नाही हो!

परवापासून तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतोय. काय, तर जुन्या इंग्रजीत दुभाष्याला 'ड्रगरमन' म्हणायचे, कारण अफूच्या धंद्यात मधे बोलणारा माणूस तो, म्हणून ड्रगवाला. मूळ शब्द म्हणे संस्कृत 'तर्कमान'. कंपनी सरकारने तो आपल्याकडच्या दुभाष्यांना चिकटवला, तोही हिणवायला. खाली हात जोडलेला इमोजी आणि 'पुढे पाठवा'. यातलं एकच खरं आहे, की ड्रगरमन असा शब्द होता आणि त्याचा अर्थ दुभाषा. बाकी सगळं हवेत.

आधी अफूचं बघू. इंग्रज नाटककार ड्रायडनचं 'डॉन सेबॅस्टियन' नावाचं नाटक 1690 साली छापलं गेलं, त्यात हा शब्द आहे, नाटक घडतं मोरोक्कोकडे आणि तिथे तो 'स्वर्गाचा दुभाषा' अशा टोमण्यात येतो, अफूचा वासही नाही. कंपनीने बंगालच्या अफूचा मक्ता हातात घेतला 1773 ला. म्हणजे मक्ता हातात यायच्या 80 वर्षं आधी त्या धंद्यावरून नाव पडलं? शिवाय तेव्हा 'ड्रग' म्हणजे साधं औषधी द्रव्य, नशेचा अर्थ बराच नंतरचा.

मग शब्द आला कुठून, तर अरबी 'तर्जुमान' मधून, म्हणजे भाषांतर करून सांगणारा. हा शब्द भूमध्य समुद्राच्या बंदरांत व्यापाऱ्यांच्या, खलाशांच्या, वकिलातींच्या तोंडी पडला आणि ज्याला जसा ऐकू आला तसा त्याने लिहिला. इटालियनमध्ये तुर्चिमान्नो, स्पॅनिशमध्ये त्रुखामान, फ्रेंचमध्ये त्रुशमाँ, आणि इंग्रजीत तर एकाच शब्दाची तीन पोरं, ड्रॅगोमन, ड्रगरमन आणि ट्रुचमन. शेवटचा 'मॅन' बघून लोक फसतात, खुद्द इंग्रजही फसले, ड्रॅगोमनचं अनेकवचन ते चक्क 'ड्रॅगोमेन' करायला लागले. पण तिथे माणूस नाहीच, त-र-ज-म ही मूळ अक्षरं आणि 'आन' हा शेपटीचा प्रत्यय, त्यातला म मुळातला आहे. आणि आता गंमत बघा, हीच चार अक्षरं मराठीतही आहेत, तर्जुमा! आजोबा म्हणायचे ना, 'या अर्जाचा तर्जुमा करून दे', तोच हा. म्हणजे ड्रगरमन आपल्या तर्जुम्याचा चुलतभाऊ, फक्त परदेशात राहून ओळखू न येण्याइतका बदललेला.

'तर्कमान' वाल्यांसाठी थोडं थांबतो, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो. अरबीच्याही कितीतरी आधी प्राचीन इराककडच्या अक्कदी भाषेत 'तर्गुमन्नु' होता, दुभाषा याच अर्थाने. आजच्या तुर्कस्तानात कुलतेपे इथे असीरियन व्यापाऱ्यांच्या मातीच्या पाट्या सापडल्या, सुमारे 3,900 वर्षांपूर्वीच्या, त्यात तो येतो. कथील आणि कापड विकायला परमुलखात आलेले हे लोक, त्यांना दुभाषा लागणारच. आता अक्कदीत तो कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काहीजण अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या जुन्या भाषांकडे बोट दाखवतात, त्यातल्या हित्तीत 'तर्कुम्माय' म्हणजे जाहीर करणं, उलगडून सांगणं असं क्रियापद आहे. ते मान्य केलं तरी संस्कृत 'तर्क' तिथे येत नाही. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून नातं जुळत नसतं, नाहीतर आपल्या 'मान' ची सोयरीक इंग्रजी 'मॅन' शीपण लावावी लागेल.

कंपनीने आपल्याकडच्या लोकांना ड्रगरमन म्हटलं, हे तर उलटंच आहे. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात ड्रगरमनची नोंद आहे आणि त्यातच सांगितलंय की हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात हा शब्द नाही. इथे कंपनीच्या कागदांत दुभाषा म्हणजे 'लिंग्विस्ट', हो, ज्याला आज आपण भाषाशास्त्रज्ञ म्हणतो तो शब्द. 1674 ला रायगडावर राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला तेव्हा बोलणी करायला नारायण शेणवी होते, तेही दुभाषी. आणि मद्रासकडे तर सरळ आपलाच शब्द इंग्रजीत गेला, 'दुबाश'. मुंबईत पुढे जहाजांना माल पुरवणाऱ्याला दुबाश म्हणायला लागले, पारशांत ते आडनाव झालं, काळा घोड्याला के. दुभाष मार्ग आहेच.

राहता राहिलं हिणवणं. पाँडिचेरीत फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचा दुबाश आनंद रंगा पिल्लै, त्याची 1736 पासूनची रोजनिशी आज इतिहासकार उघडून बसतात, कारण दरबारातलं आतलं सगळं त्याला ठाऊक असायचं. आणि इस्तंबूलला सुलतानाचा मुख्य ड्रॅगोमन म्हणजे केवढा माणूस! 1661 पासून साधारण 160 वर्षं हे पद ग्रीकांकडे होतं. त्यातला अलेक्झांडर मावरोकोर्दातोस युरोपातल्या सत्तांशी झालेल्या 1699 च्या कार्लोवित्झ तहाला तुर्कांच्या बाजूने वाटाघाटीला बसला होता, नुसतं भाषांतर करायला नाही. 1821 ला ग्रीकांनी बंड केलं तेव्हा सुलतानाने ज्यांची मुंडकी उडवली त्यात त्या वेळचा मुख्य ड्रॅगोमनही होता.