जुनी मशीन घ्यायची तर आपली फाइल घेऊन जावे
वापरलेली एम्ब्रॉयडरी मशीन नवख्या व्यावसायिकाने घेऊच नये, असे मत एका लेखात वाचले; ते मला सरसकट पटत नाही. ब्लाउजच्या बाह्या आणि गणवेशांवरील बोधचिन्हे एवढेच काम असेल, तर एका हेडची (एका वेळी एकाच कपड्यावर भरतकाम करणारी), 12 किंवा 15 सुयांची जुनी मशीन पुरते; मात्र विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यावर न भुलता, आपली डीएसटी फाइल (नक्षीचे टाके मशीनला सांगणारी संगणकी फाइल) नेऊन ती मिनिटाला 800 टाक्यांच्या वेगाने अर्धा तास तरी चालवून पाहावी, म्हणजे रंग बदलताना दोरा तुटतो का आणि बारीक अक्षरे सरकतात का, हे कळते. हुकवरचा (बॉबिनभोवती फिरून वरचा दोरा पकडणाऱ्या भागावरचा) ओरखडा न पाहता मी मशीन घेतली आणि ऐन लग्नसराईत बॉबिनचा (खालच्या रिळाचा) दोरा गुंतत राहिला. फक्त जुन्या फ्लॉपी डिस्कवरूनच फाइल घेणारे मॉडेल मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.