बर्फपेटीतील पाणी काढू नये, असे मी का लिहिले: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

स. न. वि. वि.

थंड पेयांच्या बर्फपेटीविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इतर वाचकांना ती शोधत बसावे लागू नये म्हणून प्रथम ती जशीच्या तशी उतरवून घेतो: “लेख वाचून करमणूक झाली. पेटीत साचलेले पाणी काढून टाकायचे असते, नाहीतर बर्फ लवकर संपतो, हे कोणतीही कोळीण सांगेल. पंख्याखाली बसून लिहिणाऱ्यांना ते कळायचे नाही. शिवाय त्या घाण पाण्यात बाटल्यांची तोंडे बुडतात, त्याचे काय? मिठाच्या सल्ल्याने बाटल्या फुटतील. आणि एवढी महागडी पेटी हवीच कशाला, माठ पुरतो.”

‘करमणूक झाली’ या शब्दांनी सुरुवात करणाऱ्या माणसाला उत्तर हवे असते की टाळ्या, हे मला नीटसे ठरवता आलेले नाही. मतभेदाला माझी हरकत नाही. या लेखमालेत मी अनेक विरोधी प्रतिक्रिया छापल्या आहेत आणि त्यांतून शिकलोही आहे. परंतु लिहिणारा कोठे बसून लिहितो यावरून त्याच्या म्हणण्याचा खरेखोटेपणा ठरत असेल, तर आपणही ही प्रतिक्रिया वैशाखातल्या उन्हात उभे राहूनच लिहिली असली पाहिजे, आणि तसे असेल तर आपल्या प्रकृतीची मला काळजी वाटते. आपल्याला माझ्याविषयी काहीही माहीत नाही. न विचारताच आपण मला पंख्याखाली नेऊन बसवले, म्हणून जे लेखात लिहिण्याचे मला कारण नव्हते ते आता लिहावे लागत आहे.

माझ्या वडिलांचे भुसावळला थंड पेयांचे दुकान होते. मे महिन्यात जेथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, त्या गावात बर्फ हा आमच्या घराचा चरितार्थ होता. दुकानातील पेटी लाकडाची होती. तिच्या भिंती दुहेरी होत्या, दोन फळ्यांच्या मध्ये लाकडाचा भुसा ठासून भरलेला होता, आतून जस्ताचा पत्रा ठोकलेला होता आणि तळाशी एक पितळी तोटी होती. कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी हातगाडीवरून येई आणि ती टोच्याने फोडून बाटल्यांच्या भोवती भरण्याचे काम शाळेच्या सुटीत माझ्याकडे असे. तेव्हा बर्फ कसा वितळतो हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. लादी दुपारी दोनलाच संपली तर संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला कोमट बाटली द्यावी लागते आणि ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, या हिशेबाने ते मी शिकलो.

आता आपण म्हणाल की तळाशी तोटी होती म्हणजे पाणी काढत असणारच. हा प्रश्न आपल्याला सुचला असता तर मला आनंद झाला असता. आपल्याला तो सुचलेला नाही, म्हणून मीच विचारतो आणि मीच उत्तर देतो. तोटी होती ती रात्री दुकान बंद करताना पेटी रिकामी करून पुसण्यासाठी, आणि दिवसा पाणी बाटल्यांच्या गळ्यापर्यंत चढले तर तेवढेच वरचे उतरवण्यासाठी. सकाळी नवी लादी फोडली की वडील उलट पेटीत दोन तांबे पाणी ओतत. मला लहानपणी हे नुकसान वाटे. ते नुकसान का नव्हते, ते पुढे पदार्थविज्ञान शिकताना कळले आणि मूळ लेखात मी तेच सांगण्याचा प्रयत्न केला होता, जो आपण करमणूक म्हणून वाचला.

फोडलेला बर्फ बाटलीला मोजक्याच ठिकाणी टेकतो. उरलेल्या सगळ्या पृष्ठभागाभोवती हवा असते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. बर्फाच्या खड्यांमधील पोकळ्या शून्य अंशाच्या पाण्याने भरल्या की बाटली सर्व बाजूंनी थंडाव्यात बुडते आणि तिची उष्णता झपाट्याने निघून जाते. पाणी काढून टाकले की त्याच पोकळ्यांत हवा येऊन बसते, आणि ती हवा येते झाकण उघडल्यावर बाहेरच्या पंचेचाळीस अंशांतून. भरलेल्या पेटीत बाटल्या काही मिनिटांत गार होतात, तर कोरड्या बर्फात त्याच बाटल्यांना कितीतरी अधिक वेळ लागतो. गिऱ्हाईक तेवढा वेळ थांबत नाही.

बर्फ किती लागतो हेही पाहू, कारण ‘लवकर संपतो’ हा आपला शब्द आहे. २०० मिलिलिटरच्या २४ बाटल्यांचा एक क्रेट ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचा आहे आणि प्रत्येक बाटलीची काच ३०० ग्रॅमची आहे असे धरले, तर एकूण सुमारे ६५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे दोन किलो बर्फ हा त्या क्रेटचा दर आहे, आणि हा दर पाणी ठेवल्याने वाढत नाही व काढल्याने कमी होत नाही. बाटली गार झाली म्हणजे तितका बर्फ गेलाच. बर्फ न जाता पेय गार होत असेल तर ती पेटी नव्हे, तो चमत्कार आहे.

पेटीच्या भिंतींतून जो बर्फ वाया जातो, तो वेगळा. तीन सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलची, आतून सुमारे एक चौरस मीटर पृष्ठभागाची पेटी घेतली आणि बाहेर ४० अंश असतील, तर तासाला साधारण अर्धा किलो बर्फ केवळ भिंतींमुळे वितळतो. या जागी आपल्या म्हणण्यात काही अंशी तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो, म्हणजे मी एकांगी लिहितो असे कोणाला वाटू नये: आतील भिंतीला हवेऐवजी पाणी लागलेले असेल तर भिंतीतून येणारी उष्णता थोडी वाढते. पण ती किती वाढते? उष्णतेला खरा अडथळा थर्माकोलचा असतो, आतल्या हवेच्या पातळ थराचा वाटा त्यापुढे लहान आहे. तेव्हा ही वाढ फार तर दहाव्या हिश्शाच्या आसपास जाते. तासाला अर्ध्या किलोचा दहावा हिस्सा म्हणजे पन्नास ग्रॅम. एवढ्या बर्फासाठी आपण एका माणसाला पंख्याखाली बसवलेत. पेटी नुसत्या पत्र्याची असेल तर गोष्ट निराळी, परंतु नुसत्या पत्र्याच्या डब्याला मी लेखात पेटी म्हटलेलेच नाही.

राहिली कोळीण. या एका उल्लेखावर मला अधिक लिहायचे आहे, कारण लोक एका धंद्यातील शहाणपण उचलून दुसऱ्या धंद्यावर आपटतात आणि मग त्याला ‘अनुभव’ म्हणतात. मासळी विकणारी बाई पाटीतील पाणी वाहून जाऊ देते, हे खरे आहे, आणि ती अगदी योग्य करते. मासळी बंद बाटलीत नसते. साचलेल्या पाण्यात ती राहिली तर मांस मऊ पडते, रक्त व चिकटा तेथेच साठतो आणि त्यात जंतू वाढतात; उलट बर्फ वितळून वाहत गेला की तो मासळीला सतत धूत राहतो. तेथे पाणी काढण्याचे कारण स्वच्छता आणि मासळीचा टिकाऊपणा हे आहे, बर्फाची बचत हे नव्हे. आणि कोळ्यांचे म्हणणे पुरे ऐकायचे तर हेही ऐका की, पकडलेली मासळी लवकर गार करायची असते तेव्हा बर्फ आणि समुद्राचे पाणी एकत्र कालवून त्यात ती बुडवण्याची पद्धत मासेमारीतही आहे. म्हणजे घाई असेल तेथे त्यांनाही पाणी हवेच असते. आपण कोणत्या कोळणीला विचारलेत हे मला ठाऊक नाही, पण तिने अर्धेच उत्तर दिले किंवा आपण अर्धेच ऐकले.

यापेक्षा चांगला दाखला आपल्याला देता आला असता, तो मीच देतो. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये गोठलेल्या तलावांतून कापलेला बर्फ ‘टस्कनी’ या जहाजातून कोलकात्याला पाठवला; सुमारे १८० टन निघाला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला निम्म्याहून अधिक पोहोचला. त्या व्यापारासाठी कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे आजही समुद्रकिनाऱ्यावर उभे आहे आणि विवेकानंदांचे स्मारक म्हणून ओळखले जाते. भुशात रचलेला बर्फ साठवणाऱ्या अशा कोठारांत वितळलेले पाणी बाहेर जाण्याची सोय करावीच लागे, कारण भुसा भिजला की त्याची उष्णता अडवण्याची शक्ती जाते. तेव्हा पाणी काढण्याची प्रथा अस्सल आणि जुनी आहे, पण ती बर्फ राखण्याच्या जागेची आहे. दुकानातील पेटी बर्फ राखण्यासाठी नसते. ती तो बर्फ योग्य वेळी, योग्य बाटलीवर खर्च करण्यासाठी असते, आणि माझा संपूर्ण लेख या एका फरकावर उभा होता. मथळ्याखालच्या दुसऱ्याच परिच्छेदात तो फरक लिहिलेला आहे. तो परिच्छेद आपण वाचला असता तर आपले आणि माझे दोघांचेही श्रम वाचले असते.

बाटल्यांची तोंडे घाण पाण्यात बुडतात, या आक्षेपाविषयी एवढेच की, बाटल्या उभ्या ठेवाव्यात आणि पाणी गळ्याखाली राखावे, हे वर आलेच आहे. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हा प्रश्न पेटीचा नसून बर्फ विकणाऱ्याचा आहे. खाण्यास अयोग्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१८ पासून झालेली आहे, तेव्हा डोळे उघडे ठेवून बर्फ घ्यावा. तुम्हाला स्वच्छतेविषयी इतकीच कळकळ होती, तर तो मुद्दा पहिल्या वाक्यात आला असता, करमणुकीच्या मागे रांगेत उभा राहिला नसता.

मिठाबद्दल. बर्फात मीठ भरपूर घातले तर मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते, हे आईस्क्रीमचे भांडे फिरवलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. मी भरपूर नव्हे, मूठभर लिहिले होते, आणि तेही पाणी असलेल्या पेटीत. पेटीत बर्फाबरोबर पाच लिटर पाणी असेल आणि त्यात मूठभर, म्हणजे पन्नासेक ग्रॅम मीठ नीट ढवळून विरघळवले, तर तापमान शून्याखाली अर्ध्या-पाऊण अंशापलीकडे जात नाही, आणि साखरेचे पेय साधारण उणे एक अंशाजवळ गोठू लागते. कोरड्या बर्फावर तेच मीठ टाकाल तर ते तळाच्या थोड्याशा पाण्यात एकवटेल आणि तेथल्या बाटल्या खरोखर तडकतील, म्हणजे ही भीतीसुद्धा पाणी काढून टाकणाऱ्यांनीच बाळगायची आहे. साध्या सोड्यात साखर नसल्यामुळे तो आधी गोठतो, म्हणून त्या बाटल्यांच्या पेटीत मीठ मुळीच घालू नये, ही पुरवणी मी लेखात जोडत आहे. तिचे श्रेय आपण घ्यावे.

ज्यांना माझ्या आकडेमोडीवर विश्वास नाही, त्यांनी दोन सारख्या थर्माकोलच्या पेट्या घ्याव्यात, दोन्हींत बर्फ तोलून समान भरावा, सारख्याच बाटल्या ठेवाव्यात, एकीत तांब्याभर गार पाणी घालावे व दुसरीतील पाणी अर्ध्या तासाने काढत जावे. तापमापी पेटीतल्या पाण्यात न ठेवता, एका उघडलेल्या बाटलीच्या आत ठेवावी. पाण्यातली तापमापी दोन्हीकडे शून्य दाखवील आणि काहीच सिद्ध होणार नाही. संध्याकाळी उरलेला बर्फ पुन्हा तोलावा. नोंदी माझ्या विरुद्ध गेल्या तरी मी त्या येथे छापीन, मात्र त्यांत अंश आणि किलो असावेत, विशेषणे नसावीत.

माठ पुरतो, हे आपले शेवटचे वाक्य. बाष्पीभवनाने माठ पाणी गार करतो, खानदेशाच्या कोरड्या हवेत चांगले करतो आणि कोकणच्या दमट हवेत जेमतेम करतो, पण पाच अंशांची बाटली तो कोठेच देत नाही, आणि पेटीच्या किमतीविषयी माझ्या लेखात एकही ओळ नव्हती. जुन्या थर्माकोलच्या खोक्यातही हे सारे होते. माठाविषयीच्या पुढील प्रतिक्रिया कृपया माठावरील लेखाखाली द्याव्यात. तो लेख मी अद्याप लिहिलेला नाही.