ब्रिटनच्या रेडिओवरचा ‘तो पवित्र रविवार’ खरा कसा होता

जुन्या रेडिओच्या आठवणी निघाल्या की एक दावा हमखास पुढे येतो. दोन महायुद्धांमधल्या ब्रिटनमध्ये म्हणे रविवारी रेडिओवर फक्त प्रार्थना, प्रवचनं आणि अभिजात संगीत असे. जाहिरात नावालाही नसे. सारा देश सहकुटुंब ते ऐकत बसे, कारण चांगलं दिलं की लोक चांगलंच ऐकतात. आणि शेवटी खंत: आपल्या आकाशवाणीनं हा कित्ता गिरवला असता तर किती बरं झालं असतं! यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. बाकीची टिकत नाहीत, आणि ती खोडणं मला गरजेचं वाटतं, कारण या गोष्टीतून त्या काळचा खरा श्रोताच गायब झालाय.

‘फक्त प्रार्थना आणि प्रवचनं’ म्हणाल, तर बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ हे स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचे पुत्र. रविवार देवाचा, हे घरचं वळण त्यांनी थेट प्रक्षेपणात आणलं. सुरुवातीच्या वर्षांत रविवारची सकाळ मुकीच जाई, कार्यक्रम दुपारी सुरू होत आणि संध्याकाळी चर्चच्या वेळेत पुन्हा खंड पडे. नाचाचं संगीत नाही, विनोदी कार्यक्रम नाहीत. इथवर दावा बरोबर आहे. पण ‘फक्त’ हा शब्द चुकीचा आहे. ईस्टबर्नच्या ग्रँड हॉटेलमधून अल्बर्ट सँडलर यांचं व्हायोलिन आणि त्यांचा वाद्यवृंद रविवारी संध्याकाळी ऐकू येई. ते हलकंफुलकं संगीत होतं आणि अतिशय लोकप्रिय होतं. १९२६ पासून दर रविवारी एखाद्या धर्मादाय कामासाठी मदतीचं आवाहन होई.

जे धार्मिक होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. ६ जानेवारी १९२४ च्या रविवारी लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमधली उपासना प्रक्षेपित झाली. तिथले धर्मगुरू डिक शेपर्ड साध्यासोप्या भाषेत बोलत. अंथरुणाला खिळलेल्या, चर्चपर्यंत जाऊ न शकणाऱ्या माणसांना तो आवाज घरात मिळाला, ही मोठीच गोष्ट होती. १९२८ मध्ये सुरू झालेली रोजची प्रार्थना तर एका श्रोत्या बाईंनी चिकाटीनं लावून धरलेल्या मागणीतून आली. त्याच वर्षी रविवारी जर्मन संगीतकार बाखच्या कँटाटांची, म्हणजे वाद्यवृंदासह गायच्या रचनांची, मालिका सुरू झाली. एरवी ज्यांना त्या ऐकायची संधीच नव्हती, त्यांच्या स्वयंपाकघरात त्या पोचल्या. रीथ यांचं हे श्रेय कुणी हिरावून घेऊ नये.

पण ‘सारा देश तेच ऐकत होता’? अजिबात नाही. त्या काळच्या कामगाराला शनिवारी अर्धा दिवस आणि रविवार पूर्ण, एवढीच सुटी. रविवारी दुकानं बंद. थिएटरं बंद. सिनेमागृहं उघडायची, तर १९३२ च्या कायद्यानंतरसुद्धा अनेक ठिकाणी आधी गावाची संमती लागे. म्हणजे ज्या एका दिवशी माणूस घरी मोकळा बसलेला, नेमका त्याच दिवशी रेडिओ हसायला तयार नाही. मग त्या माणसानं काय केलं? रेडिओची कळ फिरवली.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर फेकाँ इथे रेडिओ नॉर्मंडी होतं. कॅप्टन लिओनार्ड प्लग यांच्या कंपनीनं १९३१ पासून तिथून इंग्रजी कार्यक्रम द्यायला सुरुवात केली. १९३३ मध्ये लक्झेंबर्गहून लाँगवेव्हवर इंग्रजी कार्यक्रम लागू लागले. त्याचं प्रक्षेपक केंद्र इतकं शक्तिशाली होतं, की ब्रिटनच्या मोठ्या भागात ते सहज लागे. दोन्हींचा सगळ्यात जोराचा दिवस कुठला? रविवार. नाचाचे बँड, नकलाकार, सिनेमातली गाणी, ग्रेसी फील्ड्स, जॉर्ज फॉर्म्बी यांच्यासारखे लोकप्रिय विनोदी गायक, म्हणजे बीबीसीनं त्या दिवशी दाराबाहेर ठेवलेलं सगळं तिथे होतं. हे कार्यक्रम छापायचे नाहीत, असं वृत्तपत्रमालकांच्या संघटनेनं ठरवलं होतं. ‘संडे रेफरी’ या रविवारच्या वृत्तपत्रानं ते छापले आणि संघटनेतून बाहेर पडायची वेळ ओढवून घेतली. कुणी ऐकतच नसतं, तर एवढं रामायण कशाला घडलं असतं?

‘जाहिरात नावालाही नव्हती’ हे तर उलटं आहे. जाहिरातींचा खास वारच रविवार होता! आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी नसतील इतके प्रायोजित कार्यक्रम रविवारी लागत. व्यापारी केंद्रांसाठी टपाल खातं ब्रिटनमधून तारेची लाइन देईना. म्हणून साबण, औषधं, सिगारेट, बिस्किटं विकणाऱ्या कंपन्यांचे कार्यक्रम लंडनच्या स्टुडिओत आधी ध्वनिमुद्रित होत आणि तबकड्या इंग्लिश खाडीपलीकडे रवाना होत. ब्रिटिश कलाकार, ब्रिटिश पैसा, ब्रिटिश श्रोता, आणि मधे फक्त परदेशी मनोरा.

यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो मुलांचा कार्यक्रम. रविवारी संध्याकाळी साडेपाचला लक्झेंबर्गवर ‘ओव्हलटिनीज’ लागे. दुधात घालायच्या ओव्हलटिनची ती जाहिरात. मुलांनी सभासद व्हायचं, मग बिल्ला आणि नियमांची छोटी पुस्तिका मिळे. त्या पुस्तिकेत गुप्त सांकेतिक लिपी असे. कार्यक्रमात निरोप सांगितला जाई, आणि तो उलगडायला पुस्तिका जवळ हवीच. जे पोर कागद-पेन्सिल घेऊन रेडिओला चिकटून बसलंय, त्याला त्या वेळी दुसऱ्या केंद्रावर काय चाललंय याच्याशी काय देणंघेणं? सभासदांची संख्या लाखांत गेली. ही मुलंही सहकुटुंबच ऐकत होती, फक्त दाव्यात म्हटलंय ते नव्हे.

उरला ‘लोकांना हेच हवं होतं’ हा मुद्दा. स्वतः रीथ तसं म्हणत नव्हते. १९२४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट लिहिलंय, की आपल्याला काय हवंय हे थोड्यांनाच कळतं आणि आपल्याला कशाची गरज आहे हे त्याहून कमी जणांना. लोकांना विचारून रविवार ठरवला, असा आव त्यांनी कधी आणला नाही. श्रोते काय ऐकतात हे पद्धतशीर तपासायला बीबीसीनं सुरुवात केली तीच मुळी १९३६ मध्ये, रॉबर्ट सिल्व्ही यांना नेमून. तोवर लक्झेंबर्गनं रविवार खाल्ला होता. मग बीबीसीचा रविवारही हळूहळू सैल झाला. रीथ जून १९३८ मध्ये बाहेर पडले. १९४० मध्ये सैनिकांसाठी निघालेल्या नव्या केंद्रावर रविवारीसुद्धा करमणुकीचे कार्यक्रम आले, आणि ते सैनिकांइतकेच घरोघरी ऐकले जाऊ लागले. लोक भक्तिभावानं तृप्त असते, तर हा बदल कुणासाठी केला?

आता आकाशवाणी. कित्ता गिरवला नाही, असं कसं म्हणता? १९३५ मध्ये भारतातल्या प्रसारणाची धुरा घ्यायला आले ते लायनेल फील्डन बीबीसीतूनच आले होते. पुढच्याच वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं. आणि १९५२ मध्ये माहिती-प्रसारण मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी श्रोत्यांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी म्हणून चित्रपटसंगीताला कात्री लावली. हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. आकाशवाणीवर तेव्हा जे शास्त्रीय गाणं वाजलं, त्यानं कितीतरी घरांचे कान घडवले. पण सिनेमाच्या गाण्यांसाठी श्रोते कुठे गेले, ते आपल्या आजी-आजोबांना विचारा: रेडिओ सिलोनवर. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, कोलंबोला पाठवले जात आणि दर बुधवारी रात्री बिनाका गीतमालेतून अमीन सयानींचा आवाज इथल्या गल्ल्यांमध्ये घुमे. टूथपेस्टच्या जाहिरातीसकट. आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला.