'पोट भरलं, लंगोट बदलला की झालं' म्हणे!

माझ्या मामेबहिणीची मुलगी पाच महिन्यांची आहे. परवा रात्री तिने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे खरं आहे का गं? मी हिला फार उचलते का?" मेसेजचं शीर्षक, 'पालकांनो, बाळाला बिघडवू नका'. खाली पाच मुद्दे, कुणा 'ज्येष्ठ बालतज्ज्ञां'च्या हवाल्याने. तज्ज्ञांचं नाव अर्थातच नाही. रात्री दीड वाजता, मूल कुशीत घेऊन बसलेल्या बाईला असलं काही वाचायला लावणाऱ्यांचा मला मनापासून राग आला, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजमधला दुसरा मुद्दा मी आधी घेते. बाकीचे नुसते बाष्कळ आहेत, हा घातक आहे. तो असा: 'तीन वर्षांपर्यंत मुलाला काही कळत नाही. पोट भरलेलं आणि अंग कोरडं असलं की त्याला पुरतं. रडलं तर रडू द्यावं, उचललं की सवय लागते.'

पोट भरलेलं, अंग कोरडं, आणि हाकेला ओ देणारं कुणी नाही, अशी मुलं जगाने पाहिली आहेत. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली. लोकसंख्या वाढवायची होती. न झेपणारी मुलं सरकारी अनाथालयांत जाऊ लागली आणि १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून जास्त मुलं होती. पुढे नेल्सन, फॉक्स आणि झीना हे अमेरिकी संशोधक तिथल्या राजधानीत, बुखारेस्टला गेले. तिथल्या तान्ह्या मुलांच्या खोल्यांत त्यांना सगळ्यात जास्त खटकली ती शांतता. रांगेने पाळणे, पाळण्यांत जागी मुलं, आणि रडण्याचा आवाज नाही. रडून कुणी येत नाही हे ती शिकली होती. काही कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा सावकाश वाचावं.

या संशोधकांनी ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली: निम्मी मुलं परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळण्यासाठी खास तयार केलेल्या कुटुंबांत, निम्मी संस्थेतच. ('हे नैतिक कसं?' असा प्रश्न पडतोच. शहरात तेव्हा अशी कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, आणि संस्थेतल्या मुलाला बाहेर घर मिळालं तर त्याला अडवायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं.) साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ७३ च्या आसपास भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१, आणि त्याच शहरात जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्यांचा १०९. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली, ती जास्त सावरली. म्हणजे मेसेज ज्या काळाला 'काही कळत नाही' म्हणून मोडीत काढतो, नेमका तोच काळ मोलाचा ठरला.

आणखी एक. घरात गेलेल्या मुलांची उंची आणि वजन भराभर वाढलं, आणि ही वाढ सांभाळणारी व्यक्ती मुलाशी किती मायेने वागते याच्याशी जोडलेली निघाली. डोक्याचा घेर मात्र तितका भरून आला नाही. तेव्हा 'पोट भरलं की झालं' हे निव्वळ शरीराच्या हिशेबातसुद्धा टिकत नाही.

आता 'सवय लागते'. बेल आणि एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी घरोघरी जाऊन केलेली निरीक्षणं १९७२ मध्ये मांडली, त्यांत उलटंच दिसलं. पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला चटकन दाद मिळाली, ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. मुलांना कुरवाळू नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये दिला होता. हा मेसेज तेवढा जुना माल आहे.

यात अर्धं खरं आहे ते नाइलाजाने मान्य करते. आई थकून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन बसली तर बाळाचा मेंदू बिघडत नाही. सात-आठ महिन्यांनंतर पद्धतशीरपणे झोपेची सवय लावलेल्या मुलांचा ऑस्ट्रेलियात सहाव्या वर्षापर्यंत माग घेतला, तेव्हाही अपाय आढळला नाही. पण दिवसभर दाद देणाऱ्या घरात रात्री थोडं थांबणं वेगळं, आणि मुळात दादच न देणं वेगळं.

पहिला मुद्दा: 'सगळं रक्तात असतं, वातावरण हा बहाणा.' इथेही थोडं मान्य करावं लागेल. जुळ्यांवरच्या २,७४८ अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र ताळेबंद मांडला गेला, त्यात आनुवंशिकतेचा सरासरी वाटा ४९ टक्के निघाला. पण हा वाटा माणसामाणसांतल्या फरकाचा असतो. एका मुलाचा अर्धा भाग रक्ताने आणि अर्धा घराने बनतो, असा त्याचा अर्थ होत नाही. उंची तर सुमारे ८० टक्के आनुवंशिक मानतात. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्यात जनुकं बदलली का?

'घरातली भांडणं मुलाच्या लक्षात राहत नाहीत.' लक्षात राहत नसतील. पण अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये झालेल्या २०१३ च्या एका अभ्यासात झोपलेल्या ६ ते १२ महिन्यांच्या बाळांना रागीट सूर ऐकवून मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा ज्या घरांत वाद जास्त त्या बाळांच्या मेंदूतले ताणाशी निगडित भाग जास्त जागे झालेले दिसले. अभ्यास छोटा, वीसच बाळांचा. तरी 'झोपलंय, त्याला काय कळतंय' म्हणून पाळण्याशेजारी आवाज चढवणाऱ्यांनी विचार करायला तेवढा पुरे.

'मोबाइलवर गाणी लावा, भाषा आपोआप येते.' नाही येत. भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ च्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. बारा बैठकांत बाळं चिनी ध्वनींतला फरक ओळखू लागली. तीच माणसं पडद्यावर दाखवली, तेव्हा काहीच शिकली नाहीत. पुढे जाऊ.

शेवटचा मुद्दा: 'थोर माणसं हालअपेष्टांतच घडली.' हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं माग घेतला. गरिबी, घरातले कलह, पालकांचं आजारपण अशा अनेक अडचणी एकत्र आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, खंबीर माणसं झाली. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंच दिसतं. त्या मुलांच्या आयुष्यात आजी, आत्या, शिक्षक असं निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं, हे दिसत नाही. वातावरण म्हणतात ते यालाच की! उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना शिकण्यात, वागण्यात, मनाच्या आरोग्यात गंभीर अडचणी आल्या. थोरांच्या यादीत ती यायची नाहीत, त्यामुळे त्यांचा फॉरवर्डही कुणी करत नाही.