घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

‘घोरणारा माणूस गाढ झोपतो. झोप येत नसेल तर फॅमिली डॉक्टरांकडून गोळी घ्या. स्लीप स्टडी म्हणजे पैसे उकळणं, ते काम हातातलं घड्याळही करतं.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

घोरण्यापासून सुरुवात करू. घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट अरुंद होते, म्हणून आवाज येतो. वाट बंदच झाली की ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, शेजारी झोपणाऱ्याला आठवतं. म्हणून पहिल्या भेटीला त्या व्यक्तीला सोबत न्या, किंवा रात्रीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ तरी न्या.

गोळीचं म्हणाल, तर अल्प्राझोलामसारखी औषधं स्नायू आणखी सैल करतात. श्वास अडकणाऱ्याला ती घातक ठरू शकतात. निव्वळ निद्रानाश असेल, म्हणजे आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने, तरी पहिला उपचार गोळी नाही. तो सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी पद्धत. ती जाणणारे सायकियाट्रिस्ट किंवा मानसशास्त्रज्ञ शोधा.

घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. काही घड्याळं श्वास अडकल्याची सूचना देतात. ती तपासणीला जायचं कारण समजा, निदान नव्हे. स्लीप स्टडी म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन नोंदवणारी चाचणी. तिच्यात दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडकला, वा बराच उथळ होऊन ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, की एक घटना. तासाला ५ पेक्षा कमी घटना ठीक, ३० च्या वर श्वास अडकण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) तीव्र. घरी करायच्या साध्या चाचणीत मात्र मेंदूच्या लहरी नोंदत नाहीत, त्यामुळे भागाकार बहुधा नोंदीच्या तासांनी होतो. ६० घटना, ८ तास नोंद: आकडा ७.५. पण झोप ४ तासच लागली असेल तर खरा आकडा १५! घरचा रिपोर्ट चांगला आणि दिवसा पेंग कायम, असं असेल तर लॅबमधली रात्रभराची चाचणी मागा.

कोणत्या डॉक्टरचं दार ठोठवायचं, ते लक्षणावरून ठरतं. घोरणं, श्वास अडकणं: छातीचे डॉक्टर किंवा नाक-कान-घसा. मूल घोरत असेल तर आधी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) तपासायचे, म्हणजे नाक-कान-घसाच. झोपेत हातपाय झाडणं, हसताना गुडघे गळणं: न्यूरोलॉजिस्ट. ज्यांना संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, त्यांनी सोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, रक्तातून तपासून घ्यावं. लोह कमी असणं हे एक नेहमीचं कारण.

डॉक्टर ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा. चाचणीचा आलेख ते स्वतः पाहतात, की यंत्राने काढलेल्या आकड्यावर सही करतात? आणि सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र, दिल्यावर काही आठवड्यांनी वापराचे तास, मास्कची गळती, उरलेल्या घटना तपासणार का? यंत्र हातात देऊन पुढची तारीखच न देणाऱ्याकडे जाऊ नका. मास्क गळतो, नाक कोरडं पडतं, आणि यंत्र कपाटात जातं.