बर्फातले लांडगे आणि मागून चालणारा साहेब

बर्फातून एका रांगेत चाललेल्या लांडग्यांचा तो फोटो पुन्हा फिरायला लागलाय. मोबाइलवर होता तोवर ठीक होतं. इथं सांगलीत एका नेतृत्व शिबिरात तो भिंतीएवढा करून दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोबतचा मजकूर असा: पुढचे तीन लांडगे म्हातारे-आजारी, वेग तेच ठरवतात, हल्ला झालाच तर बळीही तेच जातील. मागे पाच दणकट, मग कळप, पुन्हा पाच दणकट, आणि सगळ्यांत शेवटी एकटा म्होरक्या. तात्पर्य, खरा नेता मागून चालतो.

आधी फोटोचं. तो बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' या २०११ सालच्या मालिकेच्या वेळचा, कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातला. छायाचित्रकार चॅडन हंटर. पंचवीस लांडगे बायसनच्या, म्हणजे तिकडच्या थोराड रानबैलांच्या, शिकारीवर निघालेत. फोटोसोबतच्या मूळ ओळींत आजारी कुणी नाही, की पाच-पाचचे पहारेकरी नाहीत. तिथं लिहिलंय ते एवढंच, की कळपाच्या पुढे मादी आहे आणि भुसभुशीत बर्फात ताकद वाचावी म्हणून सगळे एकामागोमाग चाललेत. म्हणजे ज्यांनी हा फोटो काढला, त्यांच्या लेखी म्होरकी पुढे आहे, मागे नाही.

'म्हातारे पुढे' हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकतो. खोल बर्फात पहिल्याचं काम सर्वांत कष्टाचं. तो वाट पाडतो, मागचे त्याच्या पावलांत पाऊल टाकतात. तिथं आजाऱ्याला घालायचं, वर हल्ल्यात तोच मरेल असं आधीच धरून चालायचं, आणि याला दुबळ्यांची काळजी म्हणायचं! शिबिरात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते बळीचं वाक्य नीट वाचलं होतं कोण जाणे.

पाच-पाचच्या पहाऱ्याला आधार काहीच नाही, ते सोडून देऊ.

राहिला म्होरक्या, म्हणजे इंग्रजीतला 'अल्फा', मारामारी करून कळपावर सत्ता गाजवणारा. ही कल्पना प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या, प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून वर आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या एल्झमिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांमागे अनेक उन्हाळे घालवले आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. मारामारी करून गादी मिळवलेला राजा तिथं शोधावा लागतो. आपलं पुस्तक आता छापू नका, असंही ते प्रकाशकाला सांगत राहिले. शिबिरवाल्यांपर्यंत तेवढं पोचलेलं नाही.

आणि लांडगा बघायला कॅनडा कशाला? माण-खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर तो आहे. मेंढपाळांना विचारा. एकटा, जोडीनं, फार तर चार-सहा जण. पंचवीसची रांग लावायला इथं ना बर्फ ना बायसन. रात्री कोकरू उचलून नेणाऱ्या या जनावराकडून कारभार शिकायचा, असं धनगराच्या वाड्यावर सांगून बघा, म्हातारी माणसं काय म्हणतील ते ऐकण्यासारखं असेल.

जनावरांच्या गोष्टी सांगूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पंचतंत्रातला पिंगलक सिंह घ्या. यमुनेकाठी बैलाची डरकाळी ऐकून घाबरतो, पाणी न पिताच मागे फिरतो, भीती लपवतो; दमनक नावाचा कोल्हा ती बरोबर हेरतो. आधी बैलाशी मैत्री जुळवून देतो, मग कान भरतो, आणि राजा स्वतःच्या मित्राला मारून बसतो. सिंह खरोखर असं वागतो असा दावा तिथं कुणी करत नाही, त्यामुळे तो खोटा पाडायचीही गरज पडत नाही. पण ही गोष्ट शिबिरात सांगायची तर पहिल्या रांगेत बसलेल्या संचालकांना दमनक कोण ते विचारावं लागेल. लांडगे त्या मानानं सोयीचे.